दाणा किती फोडावा : करवीरच्या मुलखातील जात्याचा इतिहास

कोल्हापूर शहराच्या पूर्वेला, हुपरीच्या वाटेवर वसलेले गडमुडशिंगी हे करवीर तालुक्यातील गाव आज उजळाईवाडीचा विमानतळ, गांधीनगरची घाऊक बाजारपेठ आणि गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत यांच्या शेजारात मोडते. तरीही या पट्ट्यातील जुन्या घरांत सोप्याच्या कोपऱ्यात किंवा परड्यातल्या भिंतीशी एखादे दगडी जाते अजून दिसते. जात्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ते मुख्यतः ओवीच्या अंगाने. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या, साने गुरुजींनी त्यांच्या आधीच स्त्रियांच्या ओव्यांचे संकलन केले होते, आणि पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईचे म्हणून दाखवले जाणारे जाते वारकऱ्यांच्या श्रद्धेचा विषय आहे. या साऱ्याचे मोल मोठे आहे. मात्र त्यामुळे जाते हे गाण्याचे निमित्त ठरले आणि धान्य फोडण्याचे नेमके यंत्र म्हणून त्याचा विचार मागे पडला. वस्तुतः जात्याचे खरे कसब पीठ बारीक काढण्यात जितके होते, त्याहून अधिक दाणा हवा तेवढाच फोडून थांबण्यात होते, आणि कण्या, डाळी, आंबील, नाचणीचे सत्त्व व प्राचीन काळची सुरा या सर्वांचा पाया याच थांबण्यावर उभा होता.

जात्याची रचना साधी दिसते, पण तिच्यातील प्रत्येक भागाला काम आहे. खालचा दगड स्थिर असून त्याच्या मध्यभागी खुंटी बसवलेली असते. वरच्या दगडाला मधोमध तोंड असते, त्या तोंडात आडवी बसवलेली लाकडी पट्टी खुंटीच्या टोकावर टेकते, आणि कडेजवळच्या भोकात ठोकलेला खुंटा धरून वरचा दगड फिरवला जातो. तोंडातून मूठ मूठ दाणे वैरले, म्हणजे फिरत्या दगडाखाली सोडले, की ते मध्याकडून कडेकडे सरकत जातात. मध्याशी दोन दगडांतले अंतर थोडे जास्त असल्यामुळे दाणा आधी चिरडला जातो, मग फुटतो आणि कडेशी येईपर्यंत त्याचे पीठ होते. वरच्या दगडाचा भार पूर्णपणे खालच्यावर आला तर माल बारीक निघतो. उलट खुंटीभोवती चिंधी गुंडाळून किंवा पट्टीखाली चामड्याचा तुकडा सारून वरचा दगड केसभर उचलला, तर तोच दाणा केवळ दुभंगून बाहेर पडतो. पहिल्या क्रियेला दळणे आणि दुसरीला भरडणे म्हणतात. तूर, हरभरा किंवा मूग यांची डाळ करताना भरडणे अटळ असते, कारण तेथे टरफल सुटावे पण दल मोडू नये अशी दुहेरी अपेक्षा असते. भाताच्या मुलखात यासाठी घिरट नावाचे वेगळे मोठे जाते वापरले जाई, ज्यात साळीचा कोंडा सुटे आणि तांदूळ शक्यतो अखंड राही.

फिरणारे जाते ही मानवी इतिहासातील तुलनेने अलीकडची गोष्ट आहे. दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतींत धान्य वाटण्यासाठी खोलगट दगड आणि त्यावर पुढेमागे घासायचा वरवंट्यासारखा दगड सापडतो; नेवाशाच्या उत्खननातून असे दगड मोठ्या प्रमाणात मिळाले. भूमध्य समुद्राच्या पश्चिम टोकाला, आयबेरियात, इसवी सनापूर्वी 5व्या शतकाच्या सुमारास फिरते जाते वापरात आले, तेथून ते रोमन जगात पसरले, आणि दख्खनमध्ये ते सातवाहनकाळाच्या आसपासच्या थरांत दिसू लागते. हा मेळ निव्वळ योगायोगाचा मानता येत नाही, कारण याच काळात या प्रदेशाचा रोमन जगाशी व्यापार भरात होता. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी असलेल्या ब्रह्मपुरी टेकडीचे उत्खनन डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी 1945-46 साली केले; याच टेकडीवर मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. समुद्रापलीकडच्या देवतेची मूर्ती घाट चढून जेथवर आली, तेथवर दोन दगडांचे हे तंत्र येणे अशक्य नव्हते. अर्थात मूर्ती संग्रहालयात गेली आणि तंत्र दोन हजार वर्षे घरोघर चालत राहिले.

हे तंत्र येथे रुजले त्याला दगडाचीही साथ होती. सह्याद्री आणि त्याच्या पूर्वेचे पठार ज्या बसाल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या पाषाणाचे बनले आहे, तो दगड कठीण असून त्याचे कण सहजी सुटत नाहीत, त्यामुळे पिठात कचकच येत नाही. जाते घडवण्याचे काम पाथरवट आणि वडार यांचे. परंतु जात्याचे आयुष्य घडवण्यापेक्षा त्याच्या देखभालीवर अवलंबून असे. सतत घासून दोन्ही दगडांचे अंग गुळगुळीत झाले की दाणे फुटण्याऐवजी घरंगळतात, पीठ तापते आणि हात भरून येतात. अशा वेळी टाकी, म्हणजे पोलादी छिन्नी, आणि हातोडी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या कारागिराकडून जात्याला टाकी लावून घेतली जाई. तो वरचा दगड उचलून उलटा ठेवी, ओल्या फडक्याने जुने पीठ पुसून काढी आणि तोंडापासून कडेकडे, अंगठ्याच्या नखाएवढ्या अंतराने, उथळ खाचा पाडत जाई. मध्याजवळची खाच थोडी खोल आणि कडेजवळची उथळ ठेवली तरच दाणा आत ओढला जाऊन क्रमाक्रमाने बारीक होई. हे काम पाहणाऱ्याला ठोकाठोकीचे वाटे, पण खाचेची खोली जरा चुकली तर ज्वारीचे पीठ रवाळ निघे आणि भाकरी थापताना कडेला चिरे.

टाकीवर पोट असलेल्या या फिरत्या लोकांत टकारी समाज प्रमुख होता. ज्यांच्या हातामुळे घराघरातली भाकरी नीट होत होती, त्याच समाजाला ब्रिटिश अमदानीत गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली आणले गेले, ही या व्यवसायाच्या इतिहासातील सर्वांत अन्यायाची बाब आहे. फिरस्ती हाच ज्यांच्या धंद्याचा आधार, त्यांच्या फिरण्यालाच संशयास्पद ठरवल्यावर धंदा टिकणे कठीण होते. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1918 साली गुन्हेगार मानल्या गेलेल्या जातींवरील पोलीस हजेरीची पद्धत बंद केली. ब्रिटिश मुलखातील कायदा मात्र स्वातंत्र्यानंतर 1952 साली रद्द झाला. तोवर गावात गिरणी आली होती आणि दारोदार टाकी लावण्याचे काम जवळजवळ संपले होते.

करवीरच्या सपाट भागात पूर्वी मुख्य अन्न ज्वारीचे होते, आणि पश्चिमेकडे गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड या डोंगरी तालुक्यांत नाचणी व भात पिके. ज्वारी जात्यातून थोड्या उचललेल्या दगडाने काढली की एकाच घाण्यात तीन प्रकारचा माल मिळे: चाळणीखाली पीठ, मध्ये रवा आणि वर कण्या. पिठाची भाकरी होई, कण्या ताकात किंवा पाण्यात शिजवून भातासारख्या खाल्ल्या जात. हे वाटप घरातली बाई चाळणीआधी कानाने आणि हाताने ओळखे. दगडाचा घरघराट खोल झाला की माल बारीक होत आहे आणि खुंटा हलका झाला की तो भरडा पडत आहे, हे तिला न थांबता कळे. मात्र या कौशल्यामुळे तिच्या कष्टांचा विसर पडू देता कामा नये. पहाटे उठून मोठ्या कुटुंबाचे दिवसभराचे दळण काढणे, त्यानंतर पाणी, शेण आणि शेत, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्याच वाट्याला आला, आणि गिरणी आल्यावर त्यांनी जाते सोडले ते योग्यच होते.

ज्वारीच्या वा नाचणीच्या पिठाला ताक किंवा पाणी लावून रात्रभर ठेवले की त्यातील लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू त्याला आंबट करतात. सकाळी ते शिजवून, लसूण-जिरे घालून, पातळ पेय केले जाते, तीच आंबील. आंबवण्याच्या या घरगुती रीतीला कोल्हापुरात धार्मिक स्थानही आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माची मार्गशीर्षातील यात्रा करून भाविक परतल्यावर शहरातील ओढ्यावरच्या रेणुका मंदिरात आंबील यात्रा भरते, आणि भाकरी, वांग्याची भाजी, कांद्याची पात, गाजर यांच्या जोडीने आंबिलीचा नैवेद्य दाखवला जातो. आंबिलीला लागणारे पीठ अतिशय बारीक असून चालत नाही, कारण मग ती शिजताना खळीसारखी चिकट होते. तसेच ते फार भरडही चालत नाही, कारण दाण्याच्या मध्यापर्यंत आंबटपणा पोचत नाही. येथेही पुन्हा जात्याच्या दोन दगडांमधले अंतरच निर्णायक ठरते.

याहून पुढची पायरी मोड आणलेल्या धान्याची आहे. दाणा भिजवून कापडात बांधून ठेवला की अंकुरताना त्यात अमायलेज नावाची विकरे, म्हणजे पिष्टाचे साखरेत रूपांतर घडवणारी द्रव्ये, निर्माण होतात. अंकुर फुटताच दाणा वाळवला तर ही विकरे सुप्तावस्थेत टिकतात, आणि पुढे भरड करून कोमट पाण्यात कालवल्यावर पुन्हा कामाला लागतात. अशा धान्यालाच आज माल्ट म्हटले जाते. भारतीय भरडधान्यांमध्ये ही क्षमता नाचणीत विशेष चांगली आहे. मराठी घरांत बाळाला आणि आजाऱ्याला दिले जाणारे नाचणीचे सत्त्व याच तत्त्वावर आधारलेले असते: नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात मोड आणायचे, सावलीत वाळवायची, चोळून मोड झटकायचे, जात्यावर दळायची आणि वस्त्रगाळ करायची. मोडामुळे त्याची पेज कमी घट्ट होते, म्हणून तेवढ्याच वाटीत अधिक पीठ आणि अधिक पोषण बाळाच्या पोटात जाते. काही घरांत दळण्याआधी नाचणी मंद भाजतात; त्याने चव येते, परंतु जास्त भाजले तर विकरे मरतात आणि पेज पुन्हा दाटते.

हेच मोड आलेले धान्य वैदिक काळी सुरेसाठी वापरले जाई. सौत्रामणी यज्ञातील सुरेच्या कृतीत शष्प आणि तोक्म या नावांनी अंकुरित धान्यांचा उल्लेख येतो, आणि त्यासोबत लाह्या व नग्नहू नावाचे आंबवण येते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात तर त्या काळच्या मापांत प्रमाणेच दिली आहेत: मेदक नावाच्या मद्यासाठी एक द्रोण पाण्यात अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व, तर प्रसन्ना नावाच्या मद्यासाठी बारा आढक पीठ आणि पाच प्रस्थ किण्व. किण्व म्हणजे विरजणासारखे तयार ठेवलेले आंबवण. एका कृतीत तांदूळ आणि दुसरीत पीठ सांगितले आहे, यावरून धान्य कोणत्या रूपात घ्यावे याकडे त्या काळीही काटेकोर लक्ष होते हे स्पष्ट होते. त्याच प्रकरणात कुटुंबवत्सल गृहस्थांना विशेष प्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मोकळीक दिली असून, उत्सव, समाज (म्हणजे मेळावे) आणि यात्रा यांच्या वेळी चार दिवसांची सूट सांगितली आहे. म्हणजे घरी मद्य करण्याची गोष्ट राज्याच्या नियमांत बसवलेली होती, त्यांच्या बाहेर नव्हती.

हिमालयात मात्र नाचणीचे मद्य वेगळ्या वाटेने होते. सिक्कीम व दार्जिलिंगकडचा तोंबा करताना नाचणी दळत नाहीत की भरडतही नाहीत. ती अखंड शिजवून, थंड करून, बुरशी आणि यीस्ट असलेल्या आंबवणाच्या गोळ्या तिच्यावर चुरतात, आणि पिष्टाची साखर करण्याचे काम बुरशी करते. जेथे बुरशी हे काम करते तेथे जात्याची गरज उरत नाही. जेथे ते मोडाने व्हायचे असते तेथे दाणा फोडल्यावाचून गत्यंतर नसते.

युरोपातील बिअर ही मोडाच्या वाटेने जाणारी, आणि तिचे धान्य जव. जवाच्या दाण्याला घट्ट टरफल असते व ते बिअर करणाऱ्याच्या मोठ्या उपयोगाचे असते, कारण सुमारे 65 ते 68 अंश सेल्सिअस पाण्यात माल्ट भिजवून साखर उतरवल्यानंतर तो गोड अर्क गाळण्यासाठी टरफलांचाच थर चाळणीचे काम करतो. टरफल चुरडले तर अर्क तुंबतो आणि कडवट तुरटपणाही उतरतो. दाणा नीट फुटला नाही तर साखर आतच राहते. म्हणून घरी बिअर करणारे लोक साधारण 1 मिलिमीटर अंतरावर ठेवलेल्या दोन पोलादी रुळांमधून, हाताने दांडा फिरवून, जव चेपून घेतात. ब्रिटनमध्ये 1963 साली घरगुती बिअरवरचा परवाना उठला आणि अमेरिकेत 1978 साली तिला संघराज्याच्या कायद्याने मुभा मिळाली, तेव्हा बाजारात अशा रुळांच्या चक्क्या सहज मिळत नव्हत्या. अनेकांनी लॅटिन अमेरिकेत मका दळण्यासाठी वापरली जाणारी, ओतीव लोखंडाच्या दोन खाचदार चकत्यांची ‘कोरोना’ चक्कीच घेतली आणि चकत्या सैल करून तिच्यावर जव भरडला. मुडशिंगीच्या बाईने खुंटीला चिंधी गुंडाळणे आणि अमेरिकेतल्या माणसाने चक्कीचा स्क्रू सैल करणे या एकाच क्रियेच्या दोन तऱ्हा आहेत.

महाराष्ट्रात या क्रियेला घरगुती मद्याच्या अंगाने वाव उरलेला नाही. मुंबई इलाख्यात 1878 च्या अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती सरकारी परवान्याखाली आणली. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, आणि त्याच वर्षीच्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय कोणतेही मद्य तयार करणे गुन्हा ठरवले. हा कायदा आजही लागू असल्याने घरी बिअर करणे येथे बेकायदेशीर आहे; परवाना घेऊन ताजी बिअर करणारी छोटी केंद्रे मात्र पुण्यात 2009 साली दूलालीपासून सुरू झाली. अशा ठिकाणी नाचणीचा माल्ट वापरायचा झाला तर जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. नाचणीचा दाणा जेमतेम दीड मिलिमीटरचा, जवासाठी लावलेल्या रुळांतून त्यातला बराच नीट न फुटता निसटतो, आणि तिला जवासारखे टरफल नसल्याने गाळण्याला थर मिळत नाही. त्यामुळे रूळ आवळावे लागतात आणि गाळणीसाठी सोबत टरफलाचे जव किंवा भाताचा तूस घ्यावा लागतो. नाचणीपुरते पाहिले तर घासून फोडणारा दगड चेपणाऱ्या रुळापेक्षा मुळातच अधिक सोयीचा आहे.

गावोगावच्या पिठाच्या गिरण्या विसाव्या शतकात तेलाच्या इंजिनावर सुरू झाल्या आणि पुढे विजेवर चालू लागल्या. 1910 साली वसलेली किर्लोस्करवाडी आणि नंतर भरभराटीला आलेले कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर, तेथील ओतकाम आणि लेथ यांमुळे या भागात यंत्र दुरुस्त करणारा माणूस हाकेच्या अंतरावर मिळू लागला, म्हणून गिरणी येथे लवकर रुजली. चटणी-मसाल्यासाठी डंक आले, भातासाठी भात गिरण्या आल्या. गिरणीत ‘जाडसर’ किंवा ‘बारीक’ असे सांगता येते, परंतु दोन शेर नाचणीसाठी गिरणीवाला दगड सोडून साफ करत नाही. आधीच्या गव्हाचे पीठ त्यात मिसळते आणि दगड तापलेला असल्याने मोडाच्या धान्यातील विकरांनाही झळ लागते. म्हणूनच ज्वारी-गहू गिरणीत गेले तरी सत्त्व, मेतकूट आणि लग्नाची हळद जात्यावर राहिली. लग्नाआधी पाच सुवासिनींनी आंब्याची पाने बांधलेल्या जात्यावर हळकुंडे दळण्याचा विधी या भागात अजून पाळला जातो, आणि पुष्कळ घरांनी जाते मोडीत न काढण्यामागे हेच कारण आहे.

जाते निवडताना जुनी माणसे जे पाहत ते आजही तितकेच खरे आहे. दगडावर टाकीने हलके ठोकल्यावर खणखणीत नाद यावा. बदबद आवाज आला तर आत चीर असते. अंगावर मोठी छिद्रे नसावीत, कारण त्यांत ओले पीठ अडकून कुबट होते. वरचा दगड एका बाजूला जड नसावा, तोंड नेमके मध्यावर असावे, आणि बसून दळणाऱ्याच्या उंचीला खुंटा साजेसा असावा. नवे वा नुकतीच टाकी लावलेले जाते प्रथम जाडीभरडी ज्वारी घालून फिरवायचे आणि दगडाची कच पूर्ण जाईपर्यंत निघालेला माल टाकून द्यायचा. मोडाचे धान्य कडकडीत वाळलेले असावे, नाहीतर दगडाला राप चढतो. मूठ लहान ठेवावी, हात सावकाश चालवावा आणि पहिला घास चिमटीत घेऊन पाहावा. सत्त्वासाठी चिमटीत दाणा लागता कामा नये, आणि कण्यांसाठी दाण्याचे तीन-चार तुकडे स्पष्ट जाणवावेत.

गडमुडशिंगीत आज धान्य फोडण्याचे सर्वांत मोठे काम माणसांच्या अन्नासाठी होत नाही. 1963 साली स्थापन झालेल्या कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाचा, म्हणजे गोकुळचा, महालक्ष्मी पशुखाद्य कारखाना याच गावात आहे, आणि जिल्ह्यातल्या गोठ्यांत जाणारी गोळी पेंड तेथून निघते. अशा कारखान्यांतून मका व इतर धान्य फिरत्या हातोड्यांच्या यंत्रात फोडले जाते आणि त्याची जाडी खाली बसवलेल्या जाळीच्या भोकांवरून ठरते. गाई-म्हशींच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात अन्न जिवाणूंकडून आंबवले जाते. धान्य फार बारीक असले तर ते तेथे एकदम आंबून आम्लता वाढते आणि जनावर चारा सोडते, तर अख्खा दाणा शेणातून तसाच बाहेर पडतो. जाळीचे भोक किती मिलिमीटरचे घ्यावे हे या हिशेबावरून ठरवावे लागते.